गोवर झालेल्या मुलाला दवाखान्यात केव्हा न्यायचं?



विज्ञानाच्या पुस्तकात संसर्गजन्य रोगांचा तक्ता असतो. रोग, कारण, प्रसार, लक्षणे, प्रतिबंध. त्यात गोवराच्या वाट्याला एखादी ओळ येते : विषाणूजन्य, हवेतून पसरतो, अंगावर पुरळ येते, लस उपलब्ध. परीक्षेत दोन गुण मिळवायला एवढं पुरतं. पण घरात तीन वर्षांचं मूल तापाने फणफणलेलं असतं, अंगावर पुरळ उठलेलं असतं आणि आजी म्हणते, "काही नाही गं, गोवर निघालाय, आठ दिवसांत जाईल." तेव्हा ती एक ओळ कोणाच्याच कामी येत नाही. आजीचं म्हणणं पुष्कळदा खरंही ठरतं. बरीचशी मुलं घरीच बरी होतात. प्रश्न आहे तो उरलेल्या मुलांचा. ती कोणती, हे वेळेत कसं ओळखायचं आणि त्यांच्यासाठी दवाखान्यात नेमकं काय करतात, ते आज पाहू.

आधी आजार कसा पुढे सरकतो ते बघा. गोवराचा विषाणू शरीरात शिरला की साधारण दहा दिवस काहीच कळत नाही. मूल खेळतं, जेवतं, शाळेत किंवा अंगणवाडीत जातं. मग ताप चढतो. नाक गळतं, कोरडा खोकला येतो, डोळे लाल होऊन पाणावतात आणि उजेड सहन होत नाही. इथपर्यंत हे सगळं साध्या सर्दी-तापासारखंच दिसतं. याच सुमारास गालाच्या आतल्या बाजूला, दाढांच्या समोर, मिठाचे कण चिकटावेत तसे बारीक पांढुरके ठिपके दिसू शकतात. हेन्री कॉप्लिक या अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञाने १८९६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना कॉप्लिकचे ठिपके म्हणतात. ते एक-दोन दिवसच असतात, त्यामुळे पुष्कळदा कोणाच्या नजरेलाच पडत नाहीत.

ताप आल्यावर तीन ते पाच दिवसांनी पुरळ येतं. ते आधी कानांमागे आणि कपाळावर दिसतं, मग चेहऱ्यावर, छाती-पाठीवर आणि शेवटी हातापायांवर उतरतं. पाठ्यपुस्तकात "लाल पुरळ" असं लिहिलेलं असतं, पण सावळ्या किंवा काळ्या कातडीवर ते लाल दिसेलच असं नाही. अशा वेळी हात फिरवून बघा, कातडी खरखरीत लागते. कांजिण्यांप्रमाणे यात पाण्याचे फोड नसतात, हा फरक लक्षात ठेवा. पाच-सहा दिवसांनी पुरळ ज्या क्रमाने आलं त्याच क्रमाने मावळतं. मागे तपकिरी डाग राहतात आणि कोंड्यासारखी कातडी सुटते.

आता प्रसाराकडे वळू. गोवर झालेला माणूस खोकून किंवा शिंकून खोलीबाहेर गेला, तरी त्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत टिकून राहू शकतो. म्हणजे रोग्याची भेटसुद्धा व्हायला नको! लस न घेतलेली, पूर्वी गोवर न झालेली दहा मुलं रोग्याच्या सहवासात आली, तर त्यातल्या नऊ जणांपर्यंत लागण होते. शिवाय रोगी पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून पुरळ आल्यावर चार दिवसांपर्यंत इतरांना लागण देतो. "आधीपासून" हा शब्द महत्त्वाचा. आपल्याला गोवर आहे हे कळायच्या आतच मुलाने तो वाटून टाकलेला असतो. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल अशा वस्तीत एका रोग्यापासून सरासरी १२ ते १८ जणांना लागण होते असं धरतात. सोपं गणित म्हणून १५ धरा. एकाचे पंधरा, पंधराचे दोनशे पंचवीस, आणि हे जेमतेम महिनाभरात.

याचा एक जुना पुरावा फार बोलका आहे. डेन्मार्कच्या ताब्यातील फॅरो बेटांवर १८४६ मध्ये गोवराची साथ आली. लोकसंख्या सुमारे ७,८००, आणि काही महिन्यांत त्यातले ६,००० हून अधिक लोक आजारी पडले. तिथे पाठवलेला तरुण डॉक्टर पीटर पानुम गावोगाव फिरून कोणाची कोणाशी कधी भेट झाली याच्या नोंदी करत होता. त्यावरून त्याने लागण आणि पुरळ यांच्यामध्ये तेरा-चौदा दिवस जातात हे ठरवलं. आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. १७८१ च्या साथीत लहानपणी ज्यांना गोवर होऊन गेला होता, अशा म्हाताऱ्या माणसांना ६५ वर्षांनंतर तो पुन्हा झाला नाही. विषाणू म्हणजे काय हेही ठाऊक नसलेल्या काळात नुसत्या वहीने आणि पायपिटीने काढलेले हे निष्कर्ष आहेत. प्रकल्प करताना हे उदाहरण जरूर वापरा.

दवाखाना कोणाला लागतो?

गोवराने मूल दगावतं ते बहुतेक वेळा पुरळाने नाही. हा विषाणू श्वासनलिका, आतडी, डोळे यांच्या आतल्या अस्तराला इजा करतो आणि त्याच वेळी शरीराची प्रतिकारशक्तीही खाली आणतो. दार तुटलेलं आणि राखणदारही आजारी, अशी ती अवस्था असते. मग दुसरे जंतू आत शिरतात. न्यूमोनिया होतो, आणि गोवराच्या मृत्यूंमागचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. जुलाब होऊन शरीरातलं पाणी जातं. कान फुटतो. तोंडात फोड आल्यामुळे मूल खायचं-प्यायचं सोडतं. सुमारे हजारात एका रोग्याला मेंदूला सूज येते. पाच वर्षांखालील मुलं, त्यातही वर्षाच्या आतली, कुपोषित मुलं, 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता असलेली मुलं आणि कर्करोग किंवा एचआयव्हीसारख्या आजाराने आधीच प्रतिकारशक्ती घटलेली मुलं, यांना हा धोका जास्त. गरोदर स्त्रियांनाही धोका असतो.

गोवराची शंका आली की प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा डॉक्टरांना एकदा दाखवायचंच, मूल बरं दिसत असलं तरी. जाण्याआधी फोन करून सांगितलं तर उत्तम, कारण ओपीडीच्या गर्दीत तुमच्या शेजारी सहा महिन्यांचं बाळ घेऊन कोणी बसलेलं असू शकतं. पण पुढच्या गोष्टी दिसल्या तर "उद्या बघू" म्हणायचं नाही. मूल दूध ओढत नाही, पाणीही पीत नाही. जे पोटात जाईल ते सगळं उलटून टाकतं. झटके येतात. सुस्त पडून आहे, हाका मारल्या तरी नीट जागं होत नाही. बुबुळ पांढुरकं, धुरकट दिसतं. तोंडातल्या जखमा खोल आहेत किंवा सगळीकडे पसरल्या आहेत. शांत पडलेलं असतानाही श्वास आत घेताना कर्कश आवाज येतो. यातली एकही गोष्ट असेल तर लगेच रुग्णालय, रात्र असली तरी.

जुलाब होत असतील तर डोळे खोल गेलेत का, लघवी कमी झालीय का, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू जागेवर जाते का, हे बघायचं. तापाची चालही लक्षात ठेवा. पुरळ पूर्ण निघाल्यावर दोन-तीन दिवसांत ताप उतरायला हवा. तो उतरलाच नाही, किंवा उतरून पुन्हा चढला, तर आत काहीतरी दुसरं सुरू झालंय असं समजून डॉक्टरांकडे परत जायचं.

आता श्वास मोजण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण हे काम घरातलं कोणीही करू शकतं, आठवीतला मोठा भाऊसुद्धा. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना सदरा वर करायचा. छाती किंवा पोट वर आलं की एक. असं घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिने ते एक वर्षापर्यंतच्या बाळाचे मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त श्वास भरले, किंवा एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा त्याहून जास्त, तर तो जलद श्वास, आणि न्यूमोनियाची शंका घ्यायची. श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग बाहेर यायच्या ऐवजी आत ओढला जात असेल तर परिस्थिती आणखी गंभीर आहे. हा प्रयोग वर्गात जरूर करून बघा, एकमेकांचे श्वास मोजा. तुमचे पंधरा-वीसच्या आसपास येतील. मग ५० म्हणजे काय ते अंगाला कळतं.

वॉर्डात काय करतात?

गोवराच्या विषाणूला नेमकं मारणारं औषध वापरात नाही. मग भरती कशासाठी, असा प्रश्न पालक हमखास विचारतात. उत्तर असं की शरीर विषाणूला स्वतः हरवतं, पण तेवढे दिवस मुलाला तगवून धरावं लागतं. आधी त्याला वेगळ्या खोलीत किंवा विलगीकरण वॉर्डात ठेवतात, नाहीतर शेजारच्या खाटेवरचं हृदयरोगाचं किंवा कर्करोगाचं मूल संकटात यायचं. वजन घेतात, रक्तातला ऑक्सिजन बोटाला चाप लावून मोजतात, गरज असेल तर छातीचा एक्स-रे काढतात. गोवरच आहे ना याची खात्री करायला रक्ताचा नमुना जातो. ऑक्सिजन कमी असेल तर नळीने ऑक्सिजन, पाणी कमी झालं असेल तर ओआरएस किंवा सलाईन, जुलाबांवर झिंक. अँटिबायोटिक सर्वांना देत नाहीत. ते विषाणूवर चालत नाही, पण न्यूमोनिया किंवा कानाचा संसर्ग दिसला तर सुरू करतात. तोंड मिठाच्या पाण्याने स्वच्छ ठेवतात, डोळ्यांतली घाण हलक्या हाताने पुसतात. श्वास फारच अडला तर व्हेंटिलेटर.

आणि एक गोष्ट मात्र गोवराच्या प्रत्येक मुलाला देतात, भरती असो वा नसो : 'अ' जीवनसत्त्व. याची कथा सांगण्यासारखी आहे. १९३२ मध्ये लंडनच्या एका साथरोग रुग्णालयात जोसेफ एलिसन या डॉक्टरने गोवराच्या ६०० मुलांपैकी ३०० जणांना कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं. ज्यात 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्वं भरपूर असतात, तेच हे तेल. तेल मिळालेल्यांतली ११ मुलं गेली, न मिळालेल्यांतली २६. एवढा मोठा फरक, पण पुढे अँटिबायोटिकचा जमाना आला आणि हे काम जवळजवळ विस्मरणात गेलं. मग १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन इथला अभ्यास प्रसिद्ध झाला. गंभीर गोवरामुळे रुग्णालयात भरती झालेली १८९ मुलं, त्यातल्या ९२ जणांना 'अ' जीवनसत्त्वाचे मोठे डोस, ९७ जणांना तसंच दिसणारं निष्क्रिय औषध. एकूण १२ मुलं दगावली. त्यातली १० निष्क्रिय औषध मिळालेली होती. काही रुपयांचं औषध, आणि असा परिणाम!

जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण असं आहे : सहा महिन्यांखालील बाळाला ५० हजार युनिट, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला १ लाख, वर्षावरील मुलाला २ लाख युनिट. लागोपाठ दोन दिवस, रोज एक डोस. डोळ्यांवर परिणाम दिसत असेल तर काही आठवड्यांनी तिसरा. हे आकडे समजण्यासाठी दिले आहेत, दुकानातून आणून पाजण्यासाठी नाहीत. हे जीवनसत्त्व तेलात विरघळणारं, म्हणून जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठतं. २०२५ मध्ये अमेरिकेत टेक्सासमध्ये गोवराची साथ आली तेव्हा घरच्या घरी दिलेल्या जादा 'अ' जीवनसत्त्वामुळे काही मुलांच्या यकृतावर परिणाम झाल्याचं आढळलं. लसीला पर्याय म्हणून तर ते मुळीच नाही.

घरातल्या समजुतींचं काय?

पुष्कळ घरांत गोवर म्हणजे देवीचा फेरा मानतात. उंबऱ्याला कडुलिंबाचा डहाळा लावतात, फोडणी बंद, आंघोळ बंद, औषध तर नकोच. डहाळ्याला माझी काही हरकत नाही. त्याने कोणाचं नुकसान होत नाही, उलट घरात आजारी मूल आहे हे शेजाऱ्यांना कळतं आणि पोरंबाळं जरा लांब राहतात. नुकसान होतं ते औषध आणि आहार बंद केल्याने. गोवराच्या तापात मुलाला जास्त अन्न लागतं, आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला पेजेवर ठेवतो. खिचडी, वरणभात, दूध, अंडं, पपई, जे खाईल ते थोडं थोडं आणि वारंवार द्या. अंगावरचं दूध तर बंद करूच नका. कोमट पाण्याने अंग पुसलं तर पुरळ "आत जात" नाही. तापासाठी पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून. ॲस्पिरिन मात्र लहान मुलांना द्यायचं नाही. सर्वांत घातक समज म्हणजे "पूर्ण निघू दे, मग नेऊ." या वाट बघण्यात न्यूमोनियाला तीन-चार दिवसांची आयती सवड मिळते.

२०२२ ची मुंबई

हे सगळं जुन्या काळचं वाटत असेल तर फार मागे जायला नको. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत काही बालकांचे मृत्यू झाले आणि गोवराची साथ सुरू असल्याचं उघड झालं. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात गोवराची मुलं भरती होऊ लागली, इतर रुग्णालयांतही खाटा राखून ठेवाव्या लागल्या. पाठोपाठ भिवंडी, मालेगाव इथेही रुग्ण सापडले. कारण शोधायला दुर्बीण नको. कोविडच्या काळात नेहमीचं लसीकरण मागे पडलं होतं, आणि हे साऱ्या जगात घडलं. २०२१ या एका वर्षात जगभरात जवळजवळ ४ कोटी मुलांचा गोवर लसीचा एखादा डोस चुकला. त्यात गोवंडीसारख्या वस्तीत लहानशा खोलीत सात-आठ माणसं, कुपोषण आणि कामासाठी सतत घर बदलणारी कुटुंबं.

महापालिकेच्या आरोग्यसेविका आणि आशाताई घरोघर फिरल्या, ताप-पुरळाची मुलं शोधली, 'अ' जीवनसत्त्व दिलं. नकार देणाऱ्या घरांची समजूत काढायला मौलवींची मदत घेतली गेली. साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस देण्याचं ठरलं, आणि नऊ महिने पूर्ण न झालेल्या बाळांनाही लागण होत होती तिथे सहा महिन्यांपासून डोस देण्याचं. त्याला 'शून्य डोस' म्हणतात, कारण तो हिशोबात धरत नाहीत. नेहमीचे दोन डोस नंतर द्यावेच लागतात.

नऊ महिनेच का, असं विद्यार्थी विचारतात. चांगला प्रश्न आहे. आईकडून बाळाला मिळालेली प्रतिपिंडं पहिले काही महिने त्याच्या रक्तात असतात. ती लसीतल्या दुबळ्या केलेल्या विषाणूलाही निकामी करतात, मग लस नीट "लागत" नाही. खूप उशीर केला तर खरा गोवरच आधी गाठतो. हा मधला काळ म्हणून नऊ महिने. तेव्हा दिलेला एक डोस साधारण ८५ टक्के मुलांना संरक्षण देतो. गणित करू. एका गावात वर्षाला १०० मुलं जन्मतात, ९० जणांना पहिला डोस मिळाला. ९० चे ८५ टक्के म्हणजे साडेशहात्तर. याचा अर्थ तेवीस-चोवीस मुलं उघडी राहिली. दुसरा डोसच दिला नाही तर चार वर्षांत गावात नव्वदच्या वर असुरक्षित मुलं जमा होतात, म्हणजे जवळजवळ एका वर्षाची सगळी पिढी. दरवर्षी ९० टक्के काम करूनही चार-पाच वर्षांनी साथ का येते, ते आता कळलं असेल. गोवर रोखायला ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस लागतात. आपल्याकडे गोवर-रुबेलाची लस ९ ते १२ महिन्यांत पहिल्यांदा आणि १६ ते २४ महिन्यांत दुसऱ्यांदा देतात, सरकारी केंद्रात मोफत. दोन्ही डोस झाल्यावर संरक्षण ९७ टक्क्यांच्या आसपास जातं. डोस चुकला असेल तर "आता वय गेलं" असं मनाशी ठरवू नका, नर्सताईंना माता-बाल संरक्षण कार्ड दाखवा. घरात एकाला गोवर झाला आणि दुसऱ्या भावंडाची लस राहिली असेल, तर संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत दिलेली लसही आजार टाळू शकते किंवा सौम्य करू शकते. म्हणून त्याच दिवशी विचारा.

घरी आल्यावर

रुग्णालयातून सुटी मिळाली म्हणजे गोवर संपला, असं होत नाही. हा विषाणू प्रतिकारशक्तीची आठवणच पुसतो. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताचे गोवराआधीचे आणि नंतरचे नमुने तपासले, त्याचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. इतर आजारांविरुद्ध आधी तयार झालेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झालेली आढळली. म्हणून गोवरानंतर कित्येक महिने मूल वारंवार आजारी पडतं, वजन भरत नाही, आणि घरचे म्हणतात "तेव्हापासून खंगलंच". क्वचित काही मुलांत विषाणू मेंदूत दबा धरून राहतो आणि सात-दहा वर्षांनी एक असाध्य मेंदूविकार उद्भवतो. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांत याचा धोका अधिक.

तेव्हा पुढचे काही महिने रोज एखादं जादा जेवण द्या, दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून घ्या, खोकला किंवा जुलाब झाले तर नेहमीपेक्षा लवकर दाखवा. डोळ्यांसाठी तिसरा डोस सांगितला असेल तर सुटीच्या कागदावर तारीख लिहून घ्या. शाळेत पाठवायचं ते पुरळ आल्यापासून निदान चार दिवस पूर्ण झाल्यावर, आणि मुलात ताकद आल्यावर. बुडालेला अभ्यास आम्ही शिक्षक भरून काढू.